नेमणुकीच्या गठ्ठ्यातला कोंब

१

सोमवार, १३ ऑक्टोबर. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी तहसिलीच्या अभिलेख कक्षात १९३४ सालच्या नेमणुकांचा गठ्ठा सोडला गेला. पान एकेचाळीस होतं. पान त्रेचाळीस होतं. बेचाळीस नव्हतं.

गठ्ठा सोडायला लावणाऱ्या नायब तहसीलदार वैजयंती म्हसाळ यांनी पानं पुन्हा एकदा उलटून पाहिली. जूनमध्ये बदलून आल्यापासून या कार्यालयातल्या कोणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायचा नाही, हे त्यांनी ठरवून टाकलं होतं. ठरवायला एक आठवडाही लागला नव्हता.

इंग्रजी अमलात वऱ्हाडातल्या कोणत्या गावचा पाटील कोण, कोतवाल कोण, याचे हुकूम अकोल्याहून निघत आणि त्यांची एकेक प्रत तहसिलीत येई. तहसिलीने त्यावर नंबर टाकायचा आणि गठ्ठ्यात बांधून ठेवायचं, एवढंच काम. नव्वद वर्षं ते नीट झालं, कारण त्यात कोणी हात घातला नाही. अकोल्यातल्या मूळ प्रती जिल्ह्यांच्या वाटण्यांत कुठे राहिल्या, ते शोधायला आता वर्ष गेलं असतं. निता राठोडकडे शुक्रवारपर्यंतचाच वेळ होता.

निता वडसावळीच्या तांड्यावरची. सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून तिची निवड झाली होती. जात पडताळणी समितीला शुक्रवारपर्यंत १९६१ पूर्वीचा पुरावा हवा होता. तिच्या घरात त्या काळी शाळेत कोणी गेलेलं नव्हतं, दाखला असणार कुठून? एकच कागद होता: बेचाळीस नंबरचं पान. त्याच्या नकलेसाठी तिने श्रावणात अर्ज केला होता. नक्कल म्हणजे कागद काढायचा, झेरॉक्स करायची, शिक्का मारायचा. त्याला दोन महिने लागले होते, आणि आता कागदच नव्हता.

पान फाडलेलं नव्हतं. दोऱ्यातून अलगद काढून घेतलेलं होतं. त्रेचाळीसच्या वरच्या अंगाला लालसर डाग होता, वरून लावलेला नव्हे, वरच्या कागदातून झिरपलेला. आणि पान उलटताना शिवणीच्या खाचेतून टेबलावर काहीतरी पडलं.

गव्हाचा कोंब. वाळून चपटा झालेला, बुडाशी दाणा चिकटलेला, जेमतेम बोटभर. रंग फिकट पिवळा.

तहसीलदार साहेबांनी तो चष्मा न लावताच पाहिला. "हे तीज आहे, मॅडम. तांड्यावर श्रावणात मुली टोपल्यांत गहू पेरतात. रजिस्टरात गठ्ठा शेवटचा कोणी पाहिला? सोमला राठोड, मुलीचा बाप. तेव्हाच उचलला. घरी नेऊन पूजाही केलेली दिसते. कुंकू बघा ना."

"ज्या कागदाच्या नकलेसाठी मुलगी दोन महिने इथे चपला झिजवते, तो बापाने आधीच घरी नेला?"

"मूळ कागद हातात हवा असतो या लोकांना." साहेब उठले. "ऊसतोडीला निघतो आहे म्हणे तो. पळायच्या आत बुधवारपर्यंत पोलिसात तक्रार द्या. विषय संपला."

वैजयंतीबाईंनी कोंब पाकिटात घातला, पाकीट चिकटवलं आणि त्यावर सही केली. या इमारतीत सही नसलेली वस्तू कोणाचीही असते.

२

अभिलेख कक्षाची किल्ली पंजाबरावांकडे. निवृत्तीला सात महिने राहिलेले. त्यांच्या टेबलावर दत्ताची तसबीर होती, डबा होता, आणि कामाचं म्हणता येईल असं काहीही नव्हतं.

"कुंकू कुठून आलं, पंजाबराव?"

"आपल्या हापिसात खंडेनवमीले पूजा होतेच ना, मॅडम. कपाटाले हार, कम्पुटरले हार. तुमी सोता नारळ फोडला."

"मी कपाटाच्या दारावर फोडला. कुंकू बंद गठ्ठ्याच्या मधोमध आहे."

"मंग मुंग्यायनं नेलं असन." ते गंभीरपणे म्हणाले.

"सोमलाने गठ्ठा पाहिला तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

"इथंच, खुर्चीवर. बाप-लेकीचे मोबाइल बी बाहीर ठेवाले लावले. नियम म्हंजे नियम."

"म्हणजे तुमच्या डोळ्यांदेखत त्याने पान काढलं?"

पंजाबराव विचारात पडले. सोमलाला चोर ठरवायचं तर स्वतःला झोपलेला ठरवावं लागत होतं. "घटकाभर डोळा लागला असन माहा," ते म्हणाले.

"दसऱ्याच्या सुट्टीत किल्ली कोणाकडे होती?"

"माह्याचपाशी. दुसऱ्या कोणाले देत नाही मी." हे मात्र त्यांनी चटकन सांगितलं, आणि मग डब्याचं झाकण उगाचच घट्ट केलं.

जुनी दप्तरं संगणकावर घ्यायचं काम एका ठेकेदाराकडे होतं. त्याचा माणूस प्रज्वल व्हरांड्यात यंत्र मांडून बसायचा. १९३४ चा गठ्ठा मे महिन्यातच पूर्ण झाल्याची नोंद होती, पानं एकशे चौदा. म्हणजे बेचाळीसचं चित्र तरी सापडायला हवं. वैजयंतीबाईंनी त्याला ते उघडायला सांगितलं.

प्रज्वल मानेला हात लावून उभा राहिला. "मॅडम, सर्व्हर स्लो आहे."

"मी थांबते."

पहिलं पान उघडलं. गठ्ठ्याचं वेष्टण, वर निळ्या शाईत '१९३४'. दुसरंही वेष्टणच निघालं. तिसरंही. वैजयंतीबाईंनी बेचाळिसावं उघडायला लावलं. तेच वेष्टण, फक्त थोडं तिरकं.

"एकशे चौदा वेळा?"

"पानं मोजतात, मॅडम. उघडून कोणी पाहत नाही," प्रज्वल खाली पाहत म्हणाला. "तुम्ही पहिल्याच."

माणूस निर्लज्ज होता, पण कागद त्याने चोरलेला नव्हता. चोरायला गठ्ठा सोडावा लागतो, आणि तेवढे कष्ट तो घेणाऱ्यातला नव्हता.

मग बेचाळीसवर होतं काय? ते वाचलेली एकच व्यक्ती वैजयंतीबाईंना माहीत होती.

३

मंगळवारी दुपारी त्या तांड्यावर पोचल्या. ऊसतोडीच्या टोळीचा ट्रक येऊन उभा होता. सोमला भांड्यांचं पोतं बांधत होता, त्याची बायको धनीबाई त्याला पोतं कसं बांधायचं ते सांगत होती, आणि मुलगा किशन दोघांचंही ऐकत नव्हता.

"आले," सोमला पोतं सोडून म्हणाला. "पोलीस मांगून येऊन राह्यले का, बाई?"

"अजून नाही. पान तुम्ही नेलं का?"

"मी नेलं असतं तं तुमच्या दारात कायले उभा राह्यलो असतो? मले काय तुमचा तो पंखा पाहाचा शौक हाये? फिरते बी नाही तो."

निता आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली. वैजयंतीबाईंनी विचारलं, "कागदावर काय होतं? जसं आठवतं तसं सांग."

नितानं आधी बापाकडे पाहिलं. "इंग्रजीत होतं, मॅडम. वडसावळीचा पाटील गुलाबराव, त्याला बडतर्फ केलं आहे. चोरीचे बैल त्याच्या गोठ्यात सापडले होते. आणि त्याच्या जागी पुढचा हुकूम येईपर्यंत तांड्याचा नाईक रामधन, वडलाचं नाव हरसिंग, जात बंजारा, यानं पाटलाचं काम पाहायचं. रामधन म्हणजे बाबांचे आजोबा."

"आणि गुलाबराव म्हणजे?"

"दौलतरावचा आजा," सोमला म्हणाला. "गावात पाटलाची कमान उभी होऊन राह्यली ना, त्या दौलतरावचा. आमी हे कोणाले बोललो नाही. दरसाल पावसाळ्यात त्याच्याच वावरात निंदाले जावं लागते."

"कोणालाच नाही?"

"पोरीची नोकरी लागू द्या म्हनलं. मंग कमानीखाली उभं राहून सांगतो."

"सांगजो," धनीबाई म्हणाली. "आधी ते पोतं बांध."

वैजयंतीबाईंनी पाकिटातला कोंब तळहातावर घेतला आणि धनीबाईपुढे धरला. "हा तुमच्या तिजेचा का?"

धनीबाईनं वाकून पाहिलं आणि ती मोठ्यानं हसली. "हा? अवो बाई, अशी तीज निघाली तं पोरी रडत बसतीन. आमच्या टोपल्या नायकाच्या दारात मांडवावर राह्यते, उजेडात. तीज हिरवीगार पायजे. अन् ईतभर झाल्याबिगर आमी तोडत नाही. हे कोनाचं दुबळं पीक आनलं?"

"मॅडम, हा अंधारात वाढलेला आहे," निता म्हणाली.

ते वैजयंतीबाईंच्या मनात कालपासून होतं. असा पिवळा कोंब त्यांनी लहानपणापासून पाहिला होता. नवरात्रात देवघराच्या कोपऱ्यात घट बसतो, त्याच्या मातीत गहू पेरतात, आणि दसऱ्याला तेच कोंब बाप्ये टोपीत खोवतात, शस्त्रावर ठेवतात, वह्यांवर ठेवतात. म्हणजे गठ्ठा दसऱ्याच्या दिवशी कोणाच्या तरी घरात पुजला गेला होता. त्याची दोन वाक्यं करून साहेबांना सांगितली असती, तर सोमला सुटला असता.

पण घटाचा कोंबही दसऱ्यापर्यंत वीतभर होतो. हा बोटभरच का राहिला?

४

वडसावळीच्या वेशीवर कमान जवळजवळ तयार होती. पेंटर शिडीवर चढून अक्षरं भरत होता: 'श्रीमंत गुलाबराव पाटील प्रवेशद्वार. अखंड पाटीलकी'. दिवाळीच्या पाडव्याला उद्घाटन होतं. गावात नाल्या उघड्या होत्या आणि कमानीला सोनेरी रंग दोन हात दिलेला होता.

दौलतराव ओट्यावर आरामखुर्चीत बसले होते. पासष्टीचे, अंगावर कडक पांढरे कपडे.

"या, या. तहसिलीतल्या बाई आमच्या दारी, भाग्य आमचं. त्या तांड्यावाल्यानं कागद पळवला म्हंते. तुमी काही बी म्हना, जातीवर गेले शेवटी."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"गावात काय लपते? बसा."

वैजयंतीबाई उभ्याच राहिल्या. "दसऱ्याला तुमच्याकडे कागदपत्रांची पूजा होते का?"

दौलतरावांची नजर जराशी हलली, पण आवाज नाही. "दरसाल होते. तलवार हाये आज्याची, ते पुजतो. अवंदा मातर काही नाही. घट बसाच्या चार रोज आंधी आमचा चुलता वारला. दहा दिसाचं सुतक. सुतकात कायचा घट न् कायचा दसरा? साऱ्या गावाले इचारा."

विचारायची गरज नव्हती. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत सहज सापडली असती. सुतक असलेल्या घरात घट नाही. घट नाही तर कोंब नाही. माणूस त्या संशयातून स्वच्छ बाहेर पडत होता. आणि कोणी न मागता पडत होता.

तेवढ्यात त्यांची बायको रंगूबाई चहा घेऊन आली. तिने शेवटचं बोलणं तेवढं ऐकलं होतं.

"नाही कसा बसवला?" ती कप पुढे करत म्हणाली. "सुतक फिटलं न् सातव्या माळेले बसवला की. देवीले तसंच ठेवते का कोनी? लोकायच्या इथं रानासारखं उगवलं, अन् आमचं पाहा," तिनं आपलं बोट दाखवलं, "एवढालं. आमच्या पोराच्या, राजूच्या टोपीत खोवलं तं पडून जाय."

दौलतराव म्हणाले, "तू आत जाय."

वैजयंतीबाईंनी चहा घेतला. साखर जास्त होती. कप खाली ठेवून त्यांनी पाकिटातला कोंब काढला आणि रंगूबाईच्या बोटाजवळ धरला.

५

बुधवारी साडेदहाला तहसीलदारांच्या दालनात पाच खुर्च्या लावल्या होत्या. सोमला बसला नाही; त्याला इथे बसायची सवय कोणी लावली नव्हती. निता त्याच्या बाजूला उभी राहिली. दौलतराव बसले. पंजाबराव बसले, उठले, पुन्हा बसले.

"तक्रार तयार आहे?" साहेबांनी विचारलं.

"आहे. नाव बदललं आहे." वैजयंतीबाईंनी पाकीट टेबलावर उपडं केलं. "हा कोंब पिवळा आहे, म्हणून तिजेचा नाही, घटाचा आहे. घटाचे कोंब ताजे असतात ते दसऱ्याला. तेव्हा गठ्ठा याच सुट्टीत बाहेर गेला होता, श्रावणात नव्हे. सोमला राठोड विषयाबाहेर गेले."

"घट घरोघरी असतात," साहेब म्हणाले.

"घरोघरीचे वीतभर वाढतात. हा बोटभर आहे, कारण त्याला दिवसच कमी मिळाले. वडसावळीत यंदा सातव्या माळेला बसलेला घट एकाच घरात होता. दौलतरावांनी सुतकाचं सांगितलं नसतं, तर मला ते घर कधीच सापडलं नसतं."

दौलतराव हसले. "गव्हाच्या कोंबावरून पाटलाले चोर म्हंता?"

"चोर म्हणत नाही. गठ्ठा तुम्ही मागून नेलात. किल्ली पंजाबरावांनी दुसऱ्या कोणालाही दिली नव्हती, असं ते स्वतःच म्हणाले."

सगळ्यांनी पंजाबरावांकडे पाहिलं. त्यांनी रुमाल काढला.

"पूजेले पायजे म्हनले, मॅडम. आज्याच्या पाटीलकीचा कागद. एका दिसासाठी. पूजेले नाही कसं म्हनाचं? देवाधर्माचं काम."

"कागद वाचलात?"

"सूचीत पाहिलं ना. 'वडसावळी, पाटील नेमणूक'. बराबर होतं."

वैजयंतीबाईंनी कोंब पाकिटात परत घातला. पस्तीस वर्षांच्या नोकरीत या माणसाने एकच काम अगत्याने केलं होतं, आणि ते हे.

"म्हणजे झालं ते असं. यांनी सूचीतल्या चार शब्दांवर गठ्ठा दिला. त्यांनी घरी नेऊन सोडला. इंग्रजी लागलं नाही, पण आजोबांचं नाव तेवढं ओळखू आलं. तेच पान वर घेतलं, ओलं कुंकू लावलं, कोंब ठेवले, नमस्कार केला. कुंकू खालच्या पानात उतरलं. ज्या हुकमाने आजोबांना चोरीच्या बैलांपायी काढून टाकलं, त्या हुकमाची अख्ख्या घराने दसऱ्याला पूजा केली."

मग सोमला खोकल्यासारखा आवाज काढत भिंतीकडे वळला. तो खोकला नव्हता.

"दात काहून काढतो बे?" दौलतराव उसळले.

"नाही, पाटील. मी कुठं? आमच्या आज्याले बी फूल भेटलं, याचा आनंद झाला."

"पान कुठे आहे?" वैजयंतीबाईंनी विचारलं.

"नाही." दौलतरावांचा आवाज प्रथमच खाली आला, पण मान ताठच होती. "पुजलेला कागद आमी जाळत नाही. तेवढी रीत हाये आमच्यात. घटासंगं हिरीत सोडला."

नितानं डोळे मिटले. शुक्रवार परवावर होता.

६

गुरुवारी दुपारी दौलतरावांची मुलगी रूपाली कारंजाहून एसटीने तहसिलीत आली. ती तिथल्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. वैजयंतीबाईंपुढे ती पर्स मांडीवर घेऊन बसली.

"दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं द्यायला गेले होते. बाबा म्हणाले, वाच, सगळ्यांना ऐकू दे. मी वाचलं. दुसऱ्या ओळीला आईनं रेडिओसारखं मला बंद केलं."

"पूजेच्या वेळचा फोटो आहे?"

"राजूनं, माझ्या भावानं काढला होता. घरच्या ग्रुपवर टाकला, 'आजोबांची पाटीलकी' लिहून. चौदा जणांनी हात जोडले. रात्री सगळ्यांनी तो काढून टाकला. मी नाही काढला."

"का?"

"कधीमधी पाहून हसायला बरा वाटतो." तिनं फोन पुढे सरकवला. "आणखी एक. आईनं तो कागद निर्माल्यासोबत प्लास्टिकच्या पिशवीत बांधला होता. गाठ मारून, आत दगड घालून. तिची गाठ सुटत नाही."

फोटो स्पष्ट होता. अकोल्याचा शिक्का, तारीख, गुलाबरावांची बडतर्फी, बैल, गोठा, सगळं वाचता येत होतं. त्याखालच्या इंग्रजी ओळीचा अर्थ: 'त्याच्या जागी', आणि पुढे झेंडूचं टपोरं फूल. फुलाच्या पलीकडे: 'वल्द हरसिंग, जात बंजारा, यास पुढील हुकमापर्यंत'. रामधन हे नाव बरोबर फुलाखाली होतं. पाकळीच्या कडेला पहिल्या अक्षराचा अर्धा फाटा तेवढा दिसत होता.

वैजयंतीबाईंनी फोटो, पंजाबरावांचा जबाब आणि स्वतःची टिप्पणी जोडून सगळं चार वाजून चाळीस मिनिटांनी समितीकडे रवाना केलं. सोमलाने ट्रक आणखी एक दिवस थांबवला, आणि किशन तांड्यावरचे दोन पंप घेऊन दौलतरावांच्या विहिरीवर गेला. तहसिलीचं पत्र सोबत होतं, म्हणून दौलतराव फक्त ओट्यावरून पाहत राहिले.

शुक्रवारी दुपारपर्यंतची नोंद अशी. पोलिसांनी तक्रार घेतली, गुन्हा दाखल केलेला नाही. पंजाबरावांच्या निलंबनाचा प्रस्ताव साहेबांच्या टेबलावर आहे. त्यावर चहाच्या कपाचा गोल उमटला आहे. पेंटरने 'अखंड' पूर्ण केलं आहे.

पाच वाजून दहा मिनिटांनी समितीच्या कार्यालयातून फोन आला. पलीकडचा लिपिक अत्यंत सभ्य होता.

"मॅडम, फोटो मिळाला. फक्त नावावर फूल आलं आहे. फूल बाजूला करून काढलेला फोटो आहे का?"

"विहीर उपसणं चालू आहे," वैजयंतीबाई म्हणाल्या.

"मग आम्ही विचाराधीन ठेवतो. सोमवारी सकाळी प्रकरण बंद करू."

संध्याकाळी सहाला नितानं विहिरीवरून निरोप पाठवला. दोन्ही पंप चालू होते. पाणी दोन पायऱ्या खाली गेलं होतं.